सायकलवरून उतरलेला पाय

गायक निवडायची माझी एक रीत होती. आलेल्या माणसाला दुकानात आत बसवायचं, त्याच्यापुढं माईक ठेवायचा आणि कर्णा दाराबाहेर रस्त्याकडं तोंड करून टांगायचा. मग मी रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात जाऊन बसायचो आणि चहा मागवायचो. गाण्याकडं माझं लक्ष नसायचं. मी रस्ता बघायचो.

आमचं दुकान शहागंजच्या अलीकडं होतं आणि त्या काळी तो रस्ता सायकलींचा होता. कचेरीतले कारकून, गिरणीतले कामगार, दूधवाले, कॉलेजातली पोरं, सगळे सायकलवर. गाणं चालू झालं की माणूस एकदा मान वळवून बघतो. त्याला किंमत नाही. मान तर गाढव ओरडलं तरी वळते. पेडल मारायचं थांबवून सायकल नुसती पुढं जाऊ दिली, तर गळा बरा आहे असं समजायचं. आणि एक पाय पेडलवरून उतरून जमिनीला टेकला, तर माणूस घ्यायचा. तो कोण, कुठला, किती शिकलेला, हे विचारायची मला गरज पडत नसे.

ही रीत मी काढली, कारण माझ्या कानावर माझाच भरवसा नव्हता. आमचं घर अजिंठ्याचं, कुणब्याचं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा मी शाळेत होतो. दुसरी उर्दूत झाली आणि तिसरीला पुस्तकं मराठी आली. ते तिसरीचं वर्ष असं गेलं की गुरुजींनाही काही येत नव्हतं आणि आम्हांलाही. पुढं शिक्षण काही जमलं नाही. जमीन भावांना पुरेल एवढीच होती, म्हणून मी शहरात येऊन रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात राहिलो आणि काही वर्षांनी स्वतःचा एक ॲम्प्लिफायर घेतला. लग्नात, बारशात, प्रचारसभेत स्पीकर लावायचा. पैशाची घासाघीस मी तिथंच शिकलो. गिऱ्हाईक आकडा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, वायर गुंडाळत राहायचं, एवढीच ती विद्या. स्पीकर लावता लावता लक्षात आलं, की लोक माझ्या रेकॉर्डच्या तव्यांवरच्या गाण्यांना जेवढे थांबतात त्याच्या दुप्पट एखाद्या जिवंत गळ्याला थांबतात. तेव्हा मी ऑर्केस्ट्रा काढला.

त्या ऑर्केस्ट्रातली दोन माणसं इथं सांगायला हवीत.

पहिला मास्टर. त्याचे वडील पैठण गेटच्या आतल्या गल्लीत शिलाई मशीन घेऊन बसत. जत्रांचा हंगाम यायच्या आधी तमाशाचे फड कपडे शिवायला त्यांच्याकडं यायचे. कपडे अंगावर घालून बघायचे म्हणजे दोन पावलं नाचून, दोन ओळी म्हणून बघायचे. मास्टर लहानपणी मशीनखाली चिंध्यांत खेळत ते ऐकायचा. घरात तो दखनी बोलायचा, नमाज कधी चुकवायचा नाही, आणि गौळण म्हणायला लागला की मथुरेच्या बाजाराला निघालेली बाई डोक्यावर मडकं घेऊन समोर उभी राहायची. तो पहिल्यांदा माझ्या दुकानात गायला तेव्हा एक दूधवाला थांबला तो थांबलाच. मागच्यानं घंटी वाजवली, तर तो मागच्यालाच म्हणाला, "जरा थांब ना बाबा, हितं कुणी मरतंय का?"

दुसरी ताई. ती शाळेत गणित शिकवायची. ब्राह्मणाच्या घरातली, वडिलांची सगळी नोकरी निजामाच्या कचेरीत गेलेली, त्यामुळं घरात उर्दू मुरलेली. घराच्या मागच्या भिंतीला लागून दर्गा. उरूस आला की कव्वाली थेट तिच्या अंथरुणापर्यंत यायची. ताई पदर खोचून कव्वालीला बसली की टाळी अशी वाजवायची की आमचा ढोलकीवाला म्हणायचा, "ताई, माझ्या पोटावर कामून पाय देता?"

तर मास्टर गौळण म्हणायचा आणि ताई कव्वाली. हे मी कुठल्या ऐक्यासाठी वगैरे केलेलं नव्हतं. रस्त्यानं निवड केली, मी फक्त चहा प्यायलो. लोकांनाही त्यात नवल वाटत नव्हतं. माझा अनुभव असा, की माणूस गाण्यात गुंगला की त्याला आडनाव सुचत नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली की शहरातल्या मैदानावर एका समितीतर्फे करमणुकीचा मोठा कार्यक्रम व्हायचा. बरीच वर्षं तो आमच्याकडं होता. टीव्ही आपल्याकडं आला नव्हता. पडेगावहून, करमाडहून माणसं बैलगाडीनं, ट्रॅक्टरनं यायची, घोंगड्या अंथरून बसायची. शेवटचं गाणं मास्टरच्या गौळणीचं. मांडीवर पोरं झोपलेली असली तरी त्या गौळणीशिवाय बाया उठत नसत. आणि मैदान ज्याच्याकडं, त्याच्याकडं वर्षभराची लग्नं, हे धंद्याचं गणित होतं. मैदान गेलं की ऑर्केस्ट्रा बसला.

एका वर्षी समितीला नवे अध्यक्ष आले. निवृत्त प्राचार्य, सगळं शहर त्यांना सर म्हणायचं. खादीचा झब्बा, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि फिरायला सायकल. माणूस स्वच्छ होता, हे मी आधीच लिहून ठेवतो. त्या पावसाळ्यात शहरातलं वातावरण थोडं बिघडलं होतं, काही दिवस बाजार बंद राहिला होता. सर त्या दिवसांत दोन्हीकडच्या मोहल्ल्यांत पायी फिरले होते. तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं, की यंदाचा कार्यक्रम सगळ्यांचा दिसला पाहिजे.

बैठक एका शाळेच्या वर्गात झाली. मी मागच्या बाकावर बसलो. सरांनी योजना सांगितली. प्रत्येक समाजाचं एक गाणं, प्रत्येक भाषेचं एक गाणं. ते त्या त्या समाजाच्या माणसानं म्हणायचं, त्या त्या पोशाखात. निवेदकानं आधी सांगायचं, की आता अमुक बांधवांचं गाणं. ऐकायला ते चांगलं वाटत होतं. नैवेद्याचं ताटही बघायला चांगलंच वाटतं. त्यात सगळं असतं, चिमूट चिमूट. पण भुकेल्या माणसाला कुणी नैवेद्याच्या ताटावर बसवत नाही.

"तुमचे गायक आम्ही घेणारच आहोत, स्पीकरवाले," सर म्हणाले. ऑर्केस्ट्रा काढून मला किती वर्षं झाली होती, पण समितीच्या तोंडी मी स्पीकरवालेच होतो. "फक्त ज्याचं त्याला देऊ. मास्टर कव्वाली म्हणतील. बाई भक्तिगीत म्हणतील."

"मास्टरला कव्वाली जमत नाही, सर."

"जमत नाही कसं? त्यांच्या घरातली आहे ती."

"त्यांच्या घरात शिलाई मशीन आहे, सर."

दोघेतिघे हसले. सर हसले नाहीत. मग मी त्यांना माझी रीत सांगितली. म्हटलं, तुम्ही ज्याला म्हणाल त्याला माझ्या दुकानात बसवा, कर्णा बाहेर लावू, आणि रस्त्याला ठरवू द्या. कुणाचाही असो, पाय उतरला की मैदानावर. याहून सरळ न्याय मला माहीत नव्हता, आणि मी तो सांगून जरा ऐटीतच बसलो.

सरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "सायकल कुणाकडं असते, स्पीकरवाले? नोकरीवाल्याकडं, धंदेवाल्याकडं. डोक्यावर भारा घेऊन चालत जाणाऱ्या बाईचा कौल तुमच्या हिशेबात येतो कुठं? तुमच्या मैदानावर फर्माईशीच्या चिठ्ठ्या येतात त्या पुढच्या चार रांगांतून. मागं उभा राहणारा चिठ्ठी पाठवत नाही. तुमचा ढोलकीवाला त्याच्या वस्तीतली गाणी सुंदर म्हणतो असं मी ऐकून आहे. मैदानावर म्हटलं का त्यानं कधी?"

नव्हतं म्हटलं. कुणी मागितलं नव्हतं, म्हणून नव्हतं म्हटलं. आणि समोरच्याचं खरं निघालं की माझा संताप होतो. मी उठलो तो बाक मागं कलंडला. काय बोललो ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणालो, गाणं म्हणजे रेशनचं दुकान नाही, की माणशी इतकं म्हणून मोजून द्यायचं. आणि दारापर्यंत गेलो.

दारात गार वारा लागला. वर्षभराची लग्नं डोळ्यांपुढं आली. मी परत येऊन बाक सरळ केला आणि बसलो.

मग सौदा सुरू झाला. सौद्यात आपल्याला जे हवं ते शेवटपर्यंत बोलायचं नाही. मी आधी पोशाखावर भांडलो आणि सोडून दिलं. मग क्रमावर भांडलो, तेही सोडलं. निवेदकावर तर बराच वेळ भांडलो. समोरच्याला वाटलं पाहिजे की हा सगळं हरला. सगळं सोडल्यावर म्हटलं, ठीक आहे सर, सगळा कार्यक्रम तुमचा. फक्त शेवटचं एक गाणं माझं. मास्टरची गौळण, त्याच्या साध्या कपड्यांत, आणि निवेदकानं कुणाचं काय ते सांगायचं नाही.

सरांनी ती गौळण कधी ऐकलेली नव्हती; त्यांनी थोडा विचार केला. "दिलं," म्हणाले.

"शब्द?"

"शब्द."

मी मनात हसतच घरी गेलो. लोक शेवटचं गाणं घेऊन घरी जातात. शेवट माझा, तर कार्यक्रम माझा.

मास्टरला सांगितलं तेव्हा तो आधी खूप हसला. "मेरेकू कव्वाली? शेठ, ताई हसेगी." मग हसू थांबलं. सुईत दोरा ओवता ओवता तो म्हणाला, "इतनी बरसां मैदान पे गाया, कोई नइ बोल्या तू मुसलमान गौळण कायकू गाता. आता बोलायले. चांगल्या मनानं बोलायले, तरी बोलायलेच की." मी शेवटच्या गाण्याचा सौदा सांगितला. तो तयार झाला, पण त्यानं त्याच्या बाजूनंही अट घातली, माझ्याच हाताखाली तयार झालेला ना. म्हणाला, "अब्बा येणार यंदा. त्यांना आता दिसत नाही, पण ऐकू येतं. गौळण झाली तर कव्वालीबी म्हणतो. गौळण नाही झाली, तर शेठ, माईक तुमच्या दुकानात ठेवून चाललो. मशीन आहेच."

तालमी सुरू झाल्या. ताईचं भक्तिगीत अगदी बरोबर व्हायचं, पाढे बरोबर असतात तसं. ती मलाच म्हणायची, "देव चालवून घेईल हो, पुढं बसलेल्यांचं सांगता येत नाही." मास्टर कव्वालीतले शब्द नीट म्हणायचा, टाळी मात्र कापड झटकल्यासारखी पडायची. ताई कोपऱ्यात बसून त्याची टाळी दुरुस्त करायची. ती शिकवत होती, तो शिकत होता, आणि मंचावर दोघांच्या जागा उलट्या. ढोलकीवाल्याला त्याच्या वस्तीतलं गाणं मिळालं होतं, तर निवेदकाच्या कागदात त्याच्या आधी एवढं मोठं भाषण होतं, की तो म्हणाला, "माझं गाणं सुरू होईस्तोवर मी म्हातारा व्हईन."

तालमींच्या मधेच एक दिवस सर दोन बंजारा बायांना घेऊन दुकानात आले. करमाडच्या पुढच्या एका तांड्यावर स्वतः जाऊन त्यांनी त्यांना राजी केलं होतं. थोरली चाळिशीची, धाकटी तिची सून. अंगावर आरशांची चोळी, हातभर चुडा. माईक कधी पाहिला नव्हता. सरांना काम होतं, ते गेले. मी सवयीनं कर्णा बाहेर टांगला आणि समोर जाऊन बसलो. मनात म्हणत होतो, ना पेटी ना ढोलकी, यांना मैदानावर कोण ऐकणार?

लेक सासरी जाताना म्हणायचं गाणं होतं ते. त्यांच्या बोलीतलं, मला त्यातलं काही कळलं नाही. एकीनं ओढून धरलेला सूर दुसरी तो तुटायच्या आत उचलायची. मी रस्ता पाहत होतो. सायकली सरळ निघून गेल्या. एकानंही पाय टेकला नाही. माझ्या रीतीनं त्या दोघी नापास. मग मला दिसलं, की हॉटेलच्या पायरीपाशी गवताचा भारा उतरवून एक बाई उभी आहे. तिच्या मागं दोन हमाल. टांगेवाल्यानं घोडा उभा केला होता आणि तो खाली मान घालून ऐकत होता. पायी चालणारा सगळा रस्ता थांबला होता. इतकी वर्षं त्याच जागेवर बसून मी ही माणसं पाहिलीच नव्हती. हा डाव सरांचा, आणि तो त्यांना मी देऊन टाकतो. खोटा हिशेब मी ठेवत नाही.

कार्यक्रमाची संध्याकाळ आली. मैदान भरलं, माणसं तीच, गाड्या त्याच. आधी पाहुण्यांची भाषणं झाली. मग निवेदक एकेक समाजाचं नाव घेऊन एकेक गाणं पुकारू लागला. मी पडद्याच्या बाजूला ॲम्प्लिफायरपाशी बसलो होतो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात एक गोष्ट आली. टाळ्या कोपऱ्याकोपऱ्यातून येत होत्या. ज्यांचं गाणं त्यांचा कोपरा वाजायचा, बाकीचं मैदान आपली पाळी यायची वाट पाहायचं. दर वर्षी तिथं एक मैदान बसायचं. त्या दिवशी पाच-सहा मैदानं शेजारीशेजारी बसली होती. सगळ्यांना एकत्र आणायला निघालेल्या सरांना मंचावरून ते दिसत नव्हतं. दिव्यांचा उजेड डोळ्यांवर येतो.

ताईचं भक्तिगीत झालं. लोकांनी सभ्यपणे ऐकलं. मास्टर भाड्याच्या शेरवानीत उभा राहिला, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. स्वतः शिंपी असून दुसऱ्यानं शिवलेल्या ढगळ कपड्यात उभं राहायचं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. कव्वाली चुकली कुठंच नाही. पण शेंगदाणेवाले रांगांतून फिरायला लागले आणि त्यांच्या टोपल्या भराभर रिकाम्या होत होत्या. गाणं रंगलं की शेंगा खपत नाहीत, हे कुठलाही शेंगदाणेवाला सांगेल. ढोलकीवाला भाषणानंतर उरलेल्या वेळात आपलं गाणं म्हणून खाली बसला. दोनच कडवी मिळाली, पण मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि त्याचा चेहरा उजळला.

त्या बंजारा सासूसुनांबद्दल निवेदक काही लांबलचक बोलायच्या आतच त्यांनी गायला सुरुवात केली. कागदातलं भाषण कागदातच राहिलं. मैदान शांत झालं. सगळं मैदान, नुसता एक कोपरा नाही. शेंगदाणेवाला खाली बसला. सरांनी मंचाच्या पलीकडून माझ्याकडं पाहिलं आणि मी त्यांना मान हलवून कबुली दिली. तेवढा एक क्षण आम्ही दोघं एका बाजूला होतो. त्या दोघींना कुणी काही शिकवलं नव्हतं, पोशाख त्यांचा रोजचा होता आणि गाणं त्यांनीच निवडलं होतं. सरांच्या सगळ्या योजनेत योजनेबाहेर राहिलेलं तेवढंच गाणं होतं.

आता शेवटचं माझं. मास्टरनं शेरवानी उतरवून आपला नेहमीचा पांढरा सदरा घातला होता. ढोलकी चढवून झाली होती. पुढच्या रांगेत त्याचे वडील काठीवर हनुवटी टेकून बसले होते, आणि ज्या बाया थंडीमुळं चुळबुळ करत होत्या त्या ढोलकीची एक थाप ऐकून पुन्हा नीट बसल्या; त्यांना माहीत होतं आता काय येणार. मी माईक खालीवर करून मास्टरच्या उंचीला लावून दिला.

सर मंचावर आले. त्यांनी आभार मानले, सगळ्यांचे मानले, सावकाश. आणि मग म्हणाले, "आता राष्ट्रगीतासाठी उभे राहू या."

मैदान उभं राहिलं. मीही राहिलो. पडद्याआड मास्टर हात सरळ करून उभा, मी हात सरळ करून उभा, माझ्या डोक्यात आग लागलेली आणि हलता येत नाही, बोलता येत नाही. आपल्याकडं राष्ट्रगीत झालं की त्यानंतर काही होत नाही. झेंड्याच्या पुढं कोण गाणार? ते संपल्याबरोबर लोकांनी घोंगड्या झटकल्या. काही बाया मंचाकडं पाहत थोडा वेळ थांबल्या, मग त्याही गेल्या. मास्टरच्या वडिलांनी शेजाऱ्याला विचारलं, हमारा पोट्टा कब गायेगा? शेजाऱ्यानं त्यांचा हात धरून त्यांना उठवलं.

मी सरांपुढं जाऊन उभा राहिलो. ओरडायचं ठरवून गेलो होतो. एवढंच विचारलं, "शब्द दिला होता ना, सर?"

"अहो, पाहुण्यांना निघायचं होतं," ते म्हणाले. घाईत होते, पण मनापासून आनंदात. "आणि एका गाण्यानं काय होतं, स्पीकरवाले? उद्देश सफल झाला की. मास्टरचं गाणं झालंच ना."

झालं होतं. त्यांच्या दृष्टीनं झालं होतं. मी वायर गुंडाळायला लागलो.

पुढं शहरात बोललं गेलं, की यंदा मजा नाही आली. समितीच्या लोकांनी त्याचं कारण सांगितलं, की ऑर्केस्ट्रा जुना झाला. हे मला बाजारात तिसऱ्या माणसाकडून कळलं. माझा राग तिथला आहे, आणि तो अजून उतरलेला नाही. माल त्यांनी निवडला, तराजू त्यांचा, आणि खराब निघाला तेव्हा दुकान माझं.

चार-पाच दिवसांनी मास्टर सकाळी दुकानात आला. हातात घडी घातलेली शेरवानी. भाड्याची होती, ती माझ्यामार्फत परत करायची होती. त्याला एका कारखान्यात गणवेश शिवायचं काम मिळालं होतं. म्हणाला, बोलल्याप्रमाणं करतो, शेठ. मी त्याला थांब म्हणालो नाही. गिऱ्हाईक निघालं की त्याला हाक मारायची नसते. मी म्हटलं, जातोस तर जा, पण आज नवा कर्णा आलाय, तो तपासून जा. माझ्यानं गाणं होत नाही.

तो हसला. त्याला माझं सगळं कसब ठाऊक होतं. तरी तो माईकपुढं बसला. मी रस्ता ओलांडून चहा मागवला.

त्यानं ती राहिलेली गौळण काढली. सकाळची कचेरीची वेळ, सायकलींचा पूर चाललेला. एक थांबला, दुसरा थांबला, एका मास्तरणीनं रिक्षा थांबवली. आणि गर्दीतून खादीचा झब्बा आला. सरांची सायकल आधी हळू झाली, मग नुसती सरकत राहिली, आणि माझ्यासमोर, हॉटेलच्या अगदी पायरीशी, त्यांचा डावा पाय पेडलवरून उतरून जमिनीला लागला. त्यांनी डोळे मिटले होते. गाणं संपेपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत.

उघडले तेव्हा मी दिसलो.

"कोण हो हा?" ते म्हणाले. "हे मैदानावर का नाही आणलंत?"

"आणलं होतं, सर. राष्ट्रगीताला उभं होतं."

त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग दुकानाच्या दाराकडं पाहिलं. मास्टर माईकची वायर काढत होता, तोच पांढरा सदरा.  सर सायकलवर बसले नाहीत. ती हातात धरून चालत गेले. पुढं कितीतरी वर्षं, आमच्या दुकानासमोर आले की ते सायकलवरून उतरून चालत जायचे. नमस्कार नाही, बोलणं नाही. दुकान मागं पडलं की पुन्हा बसायचे.

मास्टर दारात येऊन सगळं पाहत होता. मी रस्ता ओलांडून आलो तेव्हा म्हणाला, "साब का पाँव उतरा?"

"उतरला."

त्यानं शेरवानी माझ्या टेबलावर ठेवली, बाहीवरचा दोरा सवयीनं तोडला आणि विचारलं, "कल कां है प्रोग्राम?"

"पडेगावला. लग्न आहे."

"चलो," तो म्हणाला. गणवेश दुसऱ्या कुणीतरी शिवले असतील.

ऑर्केस्ट्रा बसला नाही. लग्नं थोडी कमी झाली, उरुसांची आमंत्रणं वाढली. ताईनं तिथं परत आपल्या कव्वालीला बसून दुप्पट टाळ्या आणल्या. त्या दोघी सासूसुनांना मी पुढच्याच हंगामात बोलावलं आणि कर्णा दारावरच्या खिळ्यावरून काढून पायी चालणाऱ्याच्या कानाच्या उंचीला बांधला. मैदान मात्र पुढल्या वर्षी बाहेरगावच्या पार्टीकडं गेलं आणि तिकडंच राहिलं. मास्टरचे वडील गेले. मास्टरनं गौळण गावोगाव म्हटली, आमच्या शहराच्या मैदानावर नाही. सर गेल्यावर समितीत बरेच अध्यक्ष येऊन गेले आणि त्यांतल्या कुणाला त्या शब्दाची माहितीही नसेल. मला आहे. ते शेवटचं एक गाणं समितीकडून माझं येणं आहे.